लाल टिकलीची डिस्क

चाकणला क्लच प्लेट बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या स्टोअरमधले दिवे गेले तरी काम अडत नाही, कारण ज्योतीराम गपाट अंधारात हात घालून मागाल तो बोल्ट काढून देतो. ज्या वस्तूची जी जागा, तिथंच ती वस्तू. टेबलावर स्टेपलर आहे, तर त्याच्याभोवती पिवळी रेघ. कॅल्क्युलेटरभोवती पिवळी रेघ. चहाच्या कपाभोवतीसुद्धा पिवळा गोल आणि त्याखाली सुवाच्य अक्षरांत ‘कप’. कुणी तो उचलून भलतीकडं ठेवला, तर रिकामा गोल ज्योतीरामकडं टकमक बघत राहतो आणि ज्योतीरामला मग पुढचं काम सुचत नाही.

या शिस्तीला कंपनीत ‘पाच एस’ म्हणतात. ती मूळची जपानची. तिचा पहिला धडा असा, की नको ती वस्तू ओळखायची, तिला लाल टॅग लावायचा आणि भंगाराच्या आवारात पाठवायची. एकदा लाल टॅग लागला की दया-माया नाही. ज्योतीरामनं आजवर पंखे, खुर्च्या, मोडके स्टूल आणि एकदा साहेबांची आवडती जुनी छत्रीही लाल टॅग लावून बाहेर काढली आहे. दुसरा धडा, एक वस्तू, एक जागा. डबल माल ठेवायचा नाही.

एकदा खरंच जपानी पाहुणे आले होते. स्टोअर बघून त्यांतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ ज्योतीरामपुढं कमरेत वाकले. ज्योतीराम भूम तालुक्यातला, मोठ्या माणसानं आपल्यापुढं वाकावं हे त्याला कसं चालेल? तो त्याहून खाली वाकला. ते पाहून पाहुणे आणखी वाकले. जेवणाची शिट्टी झाली नसती तर दोघांची डोकी फरशीला लागली असती.

असा हा माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसनं रहाटणी फाट्याला उतरतो, तिसरा मजला चढतो, दारात बूट काढतो, आणि पाचही एस त्या बुटांबरोबर दाराबाहेर राहतात.

घरात त्याचा स्टुडिओ आहे. म्हणजे झोपायची खोलीच, पण रेकॉर्डिंग असलं की तिला स्टुडिओ म्हणायचं. भिंतींना गोधड्या टांगलेल्या असतात, कारण आवाज घुमता कामा नये. गादी दाराला उभी लावलेली असते. माइकच्या पुढं बायकोच्या, म्हणजे साधनाच्या, भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवलेला तिचाच जुना पातळ दुपट्टा, ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसू नये म्हणून. भूमला भजनात पेटी वाजवणारा हा गडी आता कीबोर्ड, माइक आणि कॉम्प्युटर घेऊन लोकांची गाणी करून देतो. कुणाच्या मुलीची हळद, कुणाच्या मंडळाची आरती, कुणाच्या बैलाचं कौतुक. हौस म्हणून सुरू झालेलं काम आता गुरुवारच्या सुट्टीलाही त्याला धड जेवू देत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, बांगड्या न वाजवता हिंडायचं, असा नियम आहे.

“श्वास घेतला तर चालंल का?” साधनानं एकदा विचारलं होतं.

“हळू घे की,” ज्योतीराम कानावर हेडफोन दाबत म्हणाला होता.

तर ही सगळी गाणी जाऊन बसायची हार्ड डिस्कमध्ये. कंपासपेटीएवढ्या काळ्या डब्या, आणि त्या घरभर. एक टीव्हीमागं, एक कपाटात स्वेटरखाली, एक फ्रिजवर. एकीवर ज्योतीरामनं ‘हळद’ असं लिहून ठेवलं होतं, कारण तिच्यात हळदीची गाणी होती. ती साधनानं विश्वासानं नेऊन मसाल्याच्या फळीवर ठेवली. तिच्या स्वयंपाकघरात बिस्किटाच्या डब्यात रवा आणि चॉकलेटच्या डब्यात मोहरी असते, पण तिला सगळं सापडतं. ज्योतीरामच्या डिस्कवर जे लिहिलंय तेच आत असतं, आणि त्याला काही सापडत नाही.

डिस्कच्या आत तर विचारू नका. गाण्यांना नावं द्यायला त्याला सवड नसायची. ‘नवीन’. ‘नवीन नवीन’. ‘हेच’. ‘हे नको’. ‘हेच घ्यायचं’. आणि एक होतं ‘मारुतराव शेवटचं’.

ते वाचून साधना दचकली होती. “अहो, जित्याजागत्या माणसाच्या नावापुढं असलं काय लिहिता?”

“शेवटचा टेक म्हणायचंय मला.”

“त्यांनी वाचलं तर खरंच शेवटचा होईल.”

हे मारुतराव कुरुळीचे. मोठी शेती होती, तिथं आता कंपन्यांची गेटं आहेत, आणि मारुतरावांची, कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची लांबच लांब चाळ आहे. ज्योतीराम गावाकडून पहिल्यांदा कामाला आला तेव्हा त्याच चाळीत राहिला होता. मारुतरावांची आई चिमाबाई तेव्हाही म्हातारीच होती. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या भाडेकऱ्याची चौकशी करायची, आणि ज्याचं तोंड उतरलेलं दिसेल त्याला गरम भाकरी आणि ठेचा द्यायची. ज्योतीरामचं तोंड मुळातच उतरलेलं. त्यामुळं त्याला रोज मिळायची.

गेल्या दिवाळीनंतर मारुतराव रहाटणीला आले ते दोन इच्छा घेऊन. चैत्रात गावची यात्रा. यंदा लाउडस्पीकरवर भाड्याची गाणी नकोत, कुरुळीचं स्वतःचं गाणं हवं. त्यातलं एक ते स्वतः गाणार होते आणि एक त्यांची आई.

“मारुतराव, कुठल्या पट्टीत गाणार?” ज्योतीरामनं पेटी पुढं ओढत विचारलं.

“पट्टीचं काय सांगू राव,” मारुतराव म्हणाले, “आमची वडाची पट्टी होती, तिथं आता कंपनीचं पार्किंग हाय.”

मारुतराव कुठल्याच पट्टीत गात नसत. त्यांच्या एका गाण्याचे इतके टेक झाले की डिस्कमध्ये जागा उरेना. प्रत्येक टेकनंतर ते म्हणत, “ह्यो ठेव. पन अजून येक घेऊ.” ज्योतीराम जुन्या मालकाला नाही म्हणू शकत नव्हता.

चिमाबाईचं मात्र एकाच दमात झालं. ती गाडीतून आली, गोधड्या बघून म्हणाली, “आगं बया, आंथरून भितीवर?” आणि टेकून बसली. तोंडाचं पार बोळकं झालेलं. ज्योतीरामनं माइक पुढं सरकवला.

“आजी, एक विचारू का?”

“पूस की.” कुरुळीच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून विचारणं नाही, पुसणं आहे.

“हे गाणं कुणाचं?”

“माज्या सासूचं. तिच्या सासूचं. देवीचं हाय. यात्रंच्या आदल्या दिशी आमी बायका शिवारातनं म्हनत जायचो. आता शिवार न्हाई, मंग कुठनं जायाचं? गेटावरचा शिपाई आत सोडतो व्हय?”

आणि मग डोळे मिटून ती गायली.

‘सरली सांज, सुटला वारा, शेताशेतानं आई चालली,
वडाच्या पट्टीत इसावा घेतला, टेकाडावरती साडी वाळली...’

बोळक्या तोंडातून येणारे ते शब्द कडा झिजलेल्या नाण्यासारखे गुळगुळीत आणि गोल होते. देवी एकेका शेतातून चालली होती, विहिरीवर पाय धूत होती, चिंचेखाली बसत होती. त्या चिंचेखाली आज ज्योतीरामची बस वळते. साधना चौकटीत उभी होती, बांगड्या घट्ट धरून. गाणं संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की श्वाससुद्धा आपण नियमाप्रमाणं हळू घेतला.

“परत म्हनायला लावू नगंस हां,” चिमाबाई म्हणाली. “दम लागतो. आन यात्रंत वाजंल ना रं? मी समद्या भावकीत सांगून बसले.”

“वाजणारच. माझा शब्द आहे, आजी.”

शब्द देताना माणसाला आपल्या घरातल्या डिस्क आठवत नाहीत.

संक्रांतीनंतर ज्योतीरामच्या स्टोअरला ‘पाच एस’मध्ये कंपनीचं पहिलं बक्षीस मिळालं. चकचकीत ढाल घेऊन तो घरी आला. ढाल ठेवायला जागा शोधताना फ्रिजवरची डिस्क खाली पडली.

“बक्षीस कशाचं म्हणालात?” साधनानं डिस्क उचलत विचारलं.

“शिस्तीचं.”

“असं का,” ती म्हणाली, आणि ती डिस्क ढालीच्या डोक्यावर ठेवून दिली. ते ज्योतीरामच्या फार वर्मी लागलं.

त्यानं ठरवलं, आता घरातही पाच एस. स्टेशनरीच्या दुकानातून गोल लाल स्टिकर आणले, कंपनीतला टॅग इथं फार मोठा होतो म्हणून नखाएवढे. रोज कामावरून आला की डिस्क लावायचा आणि आवरायचा. ‘हे नको’ काढलं. ‘नवीन नवीन’ काढलं. चिमाबाईचं गाणं दोन-तीन ठिकाणी सांडलं होतं, तेही काढलं. एक वस्तू, एक जागा. आजीचं गाणं आणि यात्रेचं सगळं सामान एका काळ्या डिस्कमध्ये नीट लावलं. दुसऱ्या तशाच काळ्या डिस्कमध्ये नको ते सगळं कोंबलं. ही दुसरी उद्या पुसायची आणि तिच्यावर मारुतरावांचे टेक भरायचे, कारण ते अजूनही येतच होते.

सकाळी बसची वेळ झाली. “भंगाराच्या डिस्कला लाल लावायचं राहिलं,” तो बूट घालता घालता स्वतःशीच पुटपुटला. “आल्यावर लावतो.” आणि गेला.

साधना केर काढायला खोलीत आली. टेबलावर दोन काळ्या डिस्क, जुळ्या बहिणींसारख्या. आजीचं गाणं कुठल्या डिस्कमध्ये आहे हे तिला ठाऊक होतं, रात्री ती शेजारीच बसली होती. पण आपला नवरा संध्याकाळी दमून येईल आणि गोंधळ घालील, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. मोलाच्या वस्तूला काहीतरी खूण हवी. ती आरशाकडं गेली, आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्यांतली एक मोठी, लाल, सणासुदीची टिकली काढली आणि आजीच्या डिस्कच्या बरोबर कपाळावर लावली. क्षणभर हातही जोडले. देवीचं गाणं होतं ना.

संध्याकाळी ज्योतीराम आला. टेबलावर दोन डिस्क, एकीवर लाल गोल.

‘बघा,’ तो मनाशी म्हणाला, ‘सकाळी जाताना लावलंच होतं की आपण. हाताला सवय झालीय, डोक्याला कळतसुद्धा नाही.’

त्यानं ती डिस्क लावली. कॉम्प्युटरनं विचारलं, सगळं पुसायचं का? नक्की का? ज्योतीरामनं साहेबांची छत्री बाहेर काढताना केली होती तितक्याच शांतपणे कळ दाबली. मग स्वच्छ झालेल्या डिस्कमध्ये कॉम्प्युटरमध्ये साठलेले मारुतराव ओतले, काठोकाठ. हात झटकले. साधनाला हाक मारून म्हणाला, “आता बघ, आहे का नाही शिस्त?”

“आहे बाई,” साधना कणीक मळता मळता कौतुकानं म्हणाली.

यात्रा आठवड्यावर आली तेव्हा मारुतरावांचा फोन आला. “गाणी धाड रं भावा. स्पीकरवाला बसलाय हितं.”

ज्योतीराम रुबाबात खुर्चीवर बसला. बिनटिकलीची डिस्क लावली. आत ‘हे नको’, ‘नवीन नवीन’. त्यानं भुवया उंचावल्या. दुसरी लावली. मारुतराव, मारुतराव, मारुतराव.

“साधना,” त्यानं हाक मारली, “आजीचं गाणं कुठाय ग?”

“ते काय तुमच्या हातात. टिकली लावून ठेवलीय की मी.”

ज्योतीरामनं हातातल्या डिस्ककडं पाहिलं. सणासुदीची टिकली. मधोमध एक खडासुद्धा होता, बारीक, चमकणारा. कंपनीच्या लाल टॅगवर आजवर कधी खडा नव्हता.

“ही... टिकली आहे?”

“मग काय आहे?”

“मला वाटलं लाल टॅग.”

“म्हणजे?”

“पुसली मी.”

साधना पोळपाट-लाटणं तसंच टाकून आली. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

“लाल बघून पुसलीत?” ती म्हणाली. “अहो, सवाष्णीची टिकली होती ती! लाल दिसलं की जपून ठेवायचं, एवढंही कळेना तुम्हाला?”

“कंपनीत लाल दिसलं की...”

“कंपनीला जाऊ द्या चुलीत! माझ्या कपाळावर रोज काय बघता मग?”

ज्योतीराम उठला आणि तव्यावरची जळालेली पोळी उतरवून आला.

पिंपरीच्या एका दुकानात हरवलेलं परत काढून देतात असं कळलं, म्हणून ज्योतीराम तिथंही जाऊन आला. दुकानदारानं डिस्क लावली, बराच वेळ मारुतराव ऐकले आणि चेहरा वाकडा करून म्हणाला, “काका, नुसतं पुसलं असतं तर बघितलं असतं. तुम्ही पाटी पुसून तिच्यावर ऑइलपेंट दिलाय.”

गुरुवारी दोघं मोटारसायकलवरून कुरुळीला निघाले. नाशिक रोडच्या ट्रकांच्या रांगेत थांबत थांबत ज्योतीरामनं वाटभर तालीम केली. व्हायरस आला म्हणावं. नको, वीज गेली म्हणावं. नाही तर डिस्क चोरीला गेली.

“चोर मारुतरावांचे टेक टाकून आजीचं तेवढं घेऊन गेला?” मागून साधना म्हणाली.

“चोराला कान असतील की.”

चिमाबाई ओट्यावर बसली होती आणि खारे शेंगदाणे खात होती. कडाकड आवाज करत. ज्योतीराम जागच्या जागी थबकला.

“बगतोस काय रं? दात आलं मला!” चिमाबाईनं तोंड उघडून दोन्ही ओळी दाखवल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, जणू ज्योतीरामनंच रांगेत लावलेल्या. “मारुतीनं बशिवली कवळी. आता यात्रंत समद्यांपुढं मटन खानार मी.”

ज्योतीरामनं घसा साफ केला. “आजी, ते कॉम्प्युटरमध्ये एक व्हायरस...”

साधनानं त्याच्या कोपराला चिमटा काढला. मग त्यानं सगळं खरं सांगितलं, मान खाली घालून. स्टिकर, टिकली, कळ, मारुतराव.

चिमाबाईनं शेंगदाणे खाली ठेवले. “टिकली कुनाची?”

“माझी, आजी,” साधना म्हणाली.

“मंग तुजी चूक न्हाई.” तिनं ज्योतीरामकडं तोंड वळवलं. “आन तुज्या कंपनीत लाल म्हंजी टाकून द्यायाचं?”

“व्हय आजी.”

“मंग हळदी-कुंकवाला आलेल्या बायका तुमी थेट भंगारात घालत असशीला!”

साधना पदरात तोंड लपवून हसायला लागली. ज्योतीरामला मात्र रडायचं की हसायचं कळेना. तसं पाहता म्हातारीचे डोळेही हसत नव्हते.

“भावकीत सांगितलंय मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “माजी नणंद याया लागलीय. तिला म्हनलं, वडाची पट्टी ऐकाया ये. पट्टी तर दावू शकत न्हाई.” मग ज्योतीरामच्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाली, “आरं बाबा, आदी पुसावं, मंग पुसावं! बायकूला येकदा पुसलं असतंस, ह्ये काय लाल हाय, तर पुसलं गेलं नसतं.”

ज्योतीरामच्या पायजम्यावर तिच्या बोटांचं मीठ उमटलं होतं.

“परत म्हणता का, आजी? आत्ता मोबाइलवर घेतो.”

चिमाबाईनं डोळे मिटले. “सरली सांज...” आणि तिथंच सुर्र करून शिट्टी वाजली. नव्या कवळीतून प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत बाहेर येत होता. सांज वाजली, सुटला वाजला, साडी तर दोनदा वाजली.

आतून मारुतरावांचा आवाज आला. “आये, गॅस बंद कर, शिट्ट्या झाल्या!”

“मुडद्या, मी हाय ती!”

मारुतराव बाहेर आले, त्यांना सगळं कळलं, आणि आपले टेक सुखरूप आहेत हे ऐकून ते जरा सावरले. “आये, कवळी काढ की मंग. कोन बगतंय?”

“तू बगतोस. ह्यो बगतोय.” चिमाबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढला. “बाप्यांच्या म्होरं दात काढून बसू? डोईचा पदर काढल्यावानी वाटतं मला. इतकं दीस नव्हतं तवा नव्हतं. आता हायती म्हनल्यावर लाज आली.”

ती ऐकेना. मारुतरावांनी विनवण्या केल्या, ज्योतीरामनं पाय धरले. शेवटी साधना तिच्या शेजारी सरकून बसली.

“आजी, आमच्या घरी चला. दार लावून घेऊ. तुम्ही आणि मी. पुरुष माणूस माडीवर फिरकणार नाही.”

“आन मंग यंत्र कोन चालवनार?” मारुतरावांनी विचारलं. ज्योतीरामच्याही मनात तेच होतं, पण साधना त्याच्याकडं बघत होती.

“दाखवा मला,” ती म्हणाली. ज्या कॉम्प्युटरला हात लावला की ज्योतीराम ओरडायचा, त्याच कॉम्प्युटरपुढं दोन तासांनी, म्हातारीला गाडीतून रहाटणीला आणल्यावर, तो तिला बसवून शिकवत होता. हा माइक, हा आवाज, ही डिस्क. “आणि मग हे लाल गोल बटण दाबायचं.”

साधनाचं बोट हवेतच थांबलं. “थांबा. इथं लाल म्हणजे काय, ते आधी सांगा.”

“इथं लाल म्हणजे... चालू.”

“तुमच्या लालचं काही खरं नाही बघा,” ती म्हणाली, आणि दोघा पुरुषांना खाली पाठवून तिनं दाराला गादी लावली.

ज्योतीराम आणि मारुतराव पार्किंगच्या कठड्यावर बसले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. वर काय चाललंय कळेना. इतक्यात भंगारवाला आपला कर्णा वाजवत गल्लीत शिरला. ज्योतीराम धावत गेला आणि त्याचा कर्णा दोन्ही हातांनी दाबून धरला.

“भावा, पाच मिनिटं. वर देवी चाललीय.”

भंगारवाल्यानं घाबरून आधी वर पाहिलं आणि मग हातच जोडले. दुसऱ्या टोकाला मारुतरावांनी एक पाण्याचा टँकर आडवा हात करून रोखला होता आणि ड्रायव्हरला ते कुरुळीच्या भाषेत काहीतरी अत्यंत हळू आवाजात समजावत होते. ती भाषा हळू आवाजात बोलायची नसते, त्यामुळं त्यांचं तोंड लालभडक झालं होतं.

शेवटी साधना गॅलरीत आली आणि तिनं हात हलवला. दोघं जिने चढून गेले. चिमाबाई दात घालून, पदर सारखा करून, चहा पीत बसली होती. कवळी काढून ठेवलेली स्टीलची वाटी साधनानं धुवायला टाकली होती.

ज्योतीरामनं हेडफोन लावला. पहिली ओळ आली आणि त्याचे खांदे खाली आले. तोच आवाज, गोल, झिजलेला, एकही शिट्टी नाही. देवी वडाच्या पट्टीत आली, विहिरीवर आली, चिंचेखाली बसली. इथं गाणं संपायचं होतं. पण संपलं नाही.

‘देव म्हणाला, थांब गं जरा, आई म्हणाली, तू घर झाड,
मी शिवाराची राखण करते, तू चुलीवरची भाकर काढ!’

पाठोपाठ दोन बायकांचं खळखळून हसणं, आणि बांगड्या. नियम सगळे मोडलेले.

“आजी, हे कडवं मागच्या वेळी नव्हतं!”

“मागल्या येळंला तू बसला व्हतास की समूर,” चिमाबाई म्हणाली. “हे बायकांबायकांतलं हाय.”

“मग काढून टाकू?”

साधनानं एवढी करडी नजर टाकली की ज्योतीरामनं हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवला. “म्हणजे... विचारतोय फक्त. काढू का?”

“ऱ्हाऊ दे,” म्हातारी म्हणाली. “आता दात हायती. आता कुनाला भितो?”

यात्रेच्या दिवशी कर्ण्यांवरून देवी कुरुळीभर चालली. कंपनीच्या गेटावरून, वजनकाट्यावरून, पार्किंग झालेल्या वडाच्या पट्टीवरून. शेवटचं कडवं लागलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि पुरुष एकदम मान वर करून कर्ण्याकडं बघायला लागले, जणू काही चुकून वाजलं. चिमाबाई नणंदेशेजारी बसून मटणाचं हाड फोडत होती, आणि नणंद तोंड उघडं टाकून एकदा गाणं आणि एकदा तिचे दात बघत होती. त्यानंतर मारुतरावांचं गाणं लागलं. तेव्हा बरीच मंडळी जेवायला उठली.

ज्योतीरामनं मग एक वस्तू, एक जागा हा धडा कंपनीत ठेवून दिला आणि घरासाठी एक वस्तू, तीन जागा असा केला. गाण्याची एक डिस्क टेबलावर. दुसरी साधनाच्या फळीवर, चॉकलेटच्या डब्यात, मोहरीच्या पुडीखाली. तिसरी त्यानं नेऊन चिमाबाईला दिली, पेटीत ठेवा म्हणून सांगून. घराला आग लागली, पूर आला, काहीही झालं तरी एक डिस्क कुरुळीत राहील.

मध्यंतरी एका गुरुवारी तो सहज कुरुळीला गेला. डिस्क पेटीत नव्हती. देव्हाऱ्यात होती, देवांच्या टाकांच्या रांगेत, पाटावर. तिच्यावर झेंडूचं फूल, आणि रोजच्या रोज वाहिलेलं कुंकू, थरावर थर. वायर जिथं घालायची ते तोंड कुंकवानं पार बुजून गेलेलं. ज्योतीरामच्या स्टोअरकीपर हाडांना ते बघवेना. त्याचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं गेला, रुमाल बाहेरही आला. मग तो मध्येच थांबला.

“आजी,” त्यानं ओट्याकडं हाक मारली, “जरा पुसू का?”

बाहेरून शेंगदाण्याचा कडाका आला.

“पूस की,” चिमाबाई म्हणाली. “काय पुसायचं ते पूस.”